ऱ्हाइनचा गाळ

१९६० नंतरच्या उन्हाळ्यांत नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या ग्रीएंड या लहानशा बेटावर सुरय पक्षी मरून पडू लागले. सँडविच टर्न जातीचे हे पांढरे, काळ्या टोपीचे पक्षी समुद्रावर घिरट्या घालतात आणि वरून सूर मारून लहान मासे उचलतात. विणीच्या हंगामात ते अशा बेटांवर हजारोंनी जमतात. १९५० च्या दशकात त्यांच्या तीस हजारांहून अधिक जोड्या नेदरलँड्समध्ये अंडी घालत. १९६५ साली साऱ्या देशात मिळून हजार जोड्याही उरल्या नाहीत. मेलेल्यांत पिल्ले होती, तसे धडधाकट दिसणारे मोठे पक्षीही होते. अंगावर जखम नाही, पोट खपाटीला गेलेले नाही. पण मरण्यापूर्वी त्यांचे पंख थरथरत आणि अंगाला झटके येत.

उत्रेख्त विद्यापीठातील विषशास्त्रज्ञ यान कूमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांची यकृते तपासली. त्यांत डिल्ड्रिन, एन्ड्रिन आणि टेलोड्रिन ही कीटकनाशके सापडली. तिन्ही एकाच रासायनिक कुळातली. आता ग्रीएंडवर शेत नाही आणि फवारणीही नाही. मग त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने शिंपले आणि मासे गोळा करून तपासले. दक्षिणेकडे जावे तसे विषाचे प्रमाण वाढत होते आणि ऱ्हाइन नदी जिथे समुद्राला मिळते त्या रॉटरडॅमच्या मुखाशी ते सर्वांत जास्त होते. तिथल्या बंदराच्या परिसरात ही कीटकनाशके बनवणारा कारखाना होता आणि त्याचे सांडपाणी नदीत जात होते. कारखाना आणि ग्रीएंड यांच्यात अंतर होते दीडशे किलोमीटरांचे, आणि मधला सगळा रस्ता समुद्राचा होता.

हे दीडशे किलोमीटर नीट समजून घेतले, तर नदीचे विष किनाऱ्याच्या पाण्याचे काय करते हे बरेचसे कळते. कारण आपल्या सगळ्यांच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला आहे: समुद्र अफाट आहे, त्यात घागरभर विष पडले काय आणि तलावभर पडले काय, सगळे विरून जाणार. जगभरच्या कारखान्यांनी आणि नगरपालिकांनी याच हिशेबावर नळ टाकले. कागदावर तो बरोबरही दिसतो. चूक आहे ती त्यातल्या गृहीतात. नदीचे पाणी मुखातून बाहेर पडले की लगेच साऱ्या समुद्रात मिसळते, असे तो धरून चालतो. तसे होत नाही.

ऱ्हाइन आल्प्समध्ये उगम पावते आणि सुमारे १,२३० किलोमीटर वाहत येऊन उत्तर समुद्राला मिळते. जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरताना ती सेकंदाला सरासरी २,२०० घनमीटर पाणी आणते. हे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, त्यामुळे मुखाबाहेर ते वरच्या थरात पसरते. पण ते सरळ खोल समुद्राकडे जात नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे ढळते. ऱ्हाइनच्या मुखातून बाहेर पाहिले तर उजव्या हाताला नेदरलँड्सचाच किनारा आहे. त्यामुळे नदीचे पाणी किनाऱ्याला चिकटून, वीस-तीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात उत्तरेकडे सरकत राहते. डच अभ्यासक या पट्ट्याला किनाऱ्याची नदी म्हणतात. अफाट समुद्र या पट्ट्याच्या पलीकडे असतो. विषाला विरायला तो मिळतच नाही, निदान लवकर तरी मिळत नाही.

ही झाली पाण्याची वाट. विषाचा मोठा भाग मात्र पाण्यातून नव्हे, गाळावर बसून प्रवास करतो.

नदीच्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तळाशी बसत नाहीत. शिसे, पारा आणि पीसीबीसारखी तेलकट रसायने या कणांना चिकटून राहतात. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितके त्यावर विष जास्त. खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या मिठाची गाठ पडते आणि सगळे बदलते. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे धनभारित आयन कणांवरचा भार झाकून टाकतात. एकमेकांना ढकलणारे कण आता एकमेकांना चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर दूध फाटावे तसे पाण्यात पुंजके तयार होतात. पुंजके जड, म्हणून ते खाली बसू लागतात. त्यातच वरच्या थरातले गोडे पाणी बाहेर जात असताना तळालगतचे खारे पाणी आत सरकत असते. बसणारा गाळ या तळच्या प्रवाहात सापडतो आणि पुन्हा आत ओढला जातो. जगातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या मुखांशी म्हणूनच अति गढूळ पाण्याचा एक पट्टा सापडतो. हजारो चौरस किलोमीटर खोऱ्यातून गोळा झालेली घाण इथे काही किलोमीटरांत साठते.

सगळी विषे मात्र असे वागत नाहीत. कॅडमियमचे वागणे नेमके उलटे आहे. गोड्या पाण्यात ते मातीच्या कणाला धरून असते. खाऱ्या पाण्यात क्लोराइडशी त्याचे अधिक जुळते, म्हणून ते कण सोडून पाण्यात विरघळते. म्हणजे वरच्या अंगाला नदीच्या पाण्याची तपासणी केली आणि विरघळलेले कॅडमियम थोडेच सापडले, तरी खाडीत ते शिंपल्यांच्या आणि माशांच्या कल्ल्यांपुढे मोकळे होणार असते. नदीचे पाणी नदीतच तपासून समुद्राबद्दल निर्वाळा देणे किती धोक्याचे असते, ते या एका धातूवरून दिसते.

मुखाबाहेर निसटलेल्या बारीक गाळालाही खोल समुद्र मिळत नाही. किनाऱ्याच्या नदीबरोबर तो उत्तरेला जातो आणि वाडन समुद्रात शिरतो. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या किनाऱ्याला लागून असलेला हा उथळ समुद्र ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडतो. गुडघाभर चिखल, मधून वाहणारे ओहोळ आणि बाहेरच्या अंगाला बेटांची रांग. भरतीचे पाणी गाळ घेऊन आत येते. पाणी थांबले की गाळ बसतो, आणि परतणाऱ्या ओहोटीला तो सगळा उचलता येत नाही. दर भरतीला थोडी थोडी भर पडते. २००९ साली युनेस्कोने या समुद्राच्या डच आणि जर्मन भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो याच चिखलासाठी, कारण त्यात किडे, शिंपले, गोगलगायी यांची दाट वस्ती आहे. लाखो स्थलांतरित पक्षी तिथे पोट भरतात आणि उत्तर समुद्रातल्या प्लेस, सोल यांसारख्या चपट्या माशांची पिल्ले तिथल्या उथळ, उबदार पाण्यात मोठी होतात. नदी ज्या नियमाने अन्नाचे कण इथे आणून टाकते, त्याच नियमाने विषही आणून टाकते. एकाला आत घ्यायचे आणि दुसऱ्याला अडवायचे, असे कोणत्याही खाडीला जमत नाही.

चिखलातून पुढचा प्रवास पोटापोटांतून होतो. डिल्ड्रिन किंवा पीसीबी पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र भराभर. शरीराला ती सहजासहजी मोडता येत नाहीत, मूत्रातून टाकता येत नाहीत. किडा गाळ खातो, मासा किडे खातो, पक्षी किंवा सील मासे खातो आणि प्रत्येक पायरीला साठा वाढतो. कूमान यांच्या काळात नेदरलँड्सच्या फ्लीलांट बेटावर आयडर बदकांच्या माद्या अंड्यांवर बसल्या बसल्या मरत होत्या. नर मरत नव्हते, इतर वेळी माद्याही मरत नव्हत्या. कारण असे, की आयडरची मादी अंडी उबवण्याच्या तीन-साडेतीन आठवड्यांत जवळजवळ काही खात नाही. अंगातली चरबी जाळून ती जगते. वर्षभर त्या चरबीत निपचित पडलेले कीटकनाशक उपासाच्या दिवसांत एकदम रक्तात उतरले आणि मेंदूपर्यंत पोहोचले. अमुक इतक्या विषाने जीव मरत नाही, असे सांगणाऱ्या कोष्टकांत हा उपास धरलेला नसतो. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते.

कारखान्याचे सांडपाणी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रोखले गेले आणि सुरयांची पडझड थांबली. संख्या मात्र फार हळू भरून आली.

सीलची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. डच वाडन समुद्रात १९५० साली तीन हजारांवर सील होते, १९७५ साली पाचशेही राहिले नाहीत. शिकार हे एक कारण होतेच. पण १९६२ मध्ये नेदरलँड्सने शिकार बंद केल्यावरही संख्या वाढेना, पिल्ले फार कमी जन्मत होती. पीटर रायंडर्स या जीवशास्त्रज्ञाने टेक्सेल बेटावर एक प्रयोग केला. सीलच्या माद्यांचे बारा-बाराचे दोन गट केले. एका गटाला वाडन समुद्रातले मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकमधले. दोन्हीकडचे मासे ताजे आणि खाऊन पोट भरणारे होते. महत्त्वाचा फरक होता पीसीबीचा. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आणि विजेच्या कपॅसिटरमध्ये वापरले जाणारे हे रसायन ऱ्हाइनच्या पाण्यातून दशकानुदशके येत होते. वाडनचे मासे खाणाऱ्या माद्यांत गर्भधारणा बरीच कमी झाली. गर्भ रुजण्याच्या सुमारासच काहीतरी बिनसत होते. १९८६ साली ‘नेचर’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. समुद्रात राहणाऱ्या सस्तन प्राण्याचे वांझपण प्रदूषित माशांमुळे येते, याचा इतका थेट पुरावा त्याआधी नव्हता. यात एकही सील मेला नव्हता, हे विसरू नये. किनाऱ्यावर मेलेले प्राणी पडलेले नाहीत म्हणून पाणी ठीक आहे, हा समज या प्रयोगाने खोटा पाडला.

आता रॉटरडॅमकडे येऊ. या बंदराची गोदी जहाजांसाठी खोल ठेवायला दरवर्षी दोन कोटी घनमीटरच्या आसपास गाळ उपसावा लागतो. पूर्वी तो समुद्रात नेऊन टाकत किंवा शेतजमिनीवर पसरत. १९७० च्या दशकात तपासण्या झाल्या, तेव्हा कळले की त्यातला मोठा भाग समुद्रात टाकण्याच्याही लायकीचा नाही. समुद्राकडच्या गोद्यांतला गाळ त्यातल्या त्यात बरा, कारण तो बराचसा समुद्रातूनच आलेला. शहराकडच्या गोद्यांतला गाळ मात्र ऱ्हाइनचा आणि म्हणून विषारी. अखेर बंदराने समुद्रालगत भराव टाकलेल्या जमिनीत एक प्रचंड खड्डा बांधला. त्याचे नाव स्लुफ्टर. १९८७ पासून तो वापरात आहे आणि त्याची क्षमता सुमारे पंधरा कोटी घनमीटर आहे. इतका पैसा आणि जमीन रॉटरडॅमने खर्च केली ती स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी यांच्या घाणीसाठी.

रॉटरडॅमने पुढे जे केले ते आपल्याकडे फारसे माहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९८४ च्या सुमारास बंदराने माणसे नेमून ऱ्हाइनच्या उलट दिशेने शोध सुरू केला: कोणत्या नळातून कोणता धातू, किती येतो, आणि त्यातला किती आपल्या गोदीत येऊन बसतो. नमुने, मोजमापे आणि कायदेतज्ज्ञांची मते अशी जय्यत तयारी करून बंदराने वरच्या अंगाच्या एकेका मोठ्या कारखान्याशी बोलणी केली. मागणी साधी होती. ठरावीक वर्षांत विसर्ग इतका खाली आणा. आणलात तर गाळाच्या खर्चाचा दावा आम्ही सोडून देऊ, नाही आणलात तर कोर्टात भेटू. ही धमकी पोकळ नव्हती. अल्सासमधल्या पोटॅशच्या खाणी ऱ्हाइनमध्ये मीठ सोडत आणि रॉटरडॅमजवळच्या एका रोपवाटिकेची झाडे त्या पाण्याने खराब होत. त्या खटल्यात १९७६ साली युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की नुकसान जिथे झाले तिथल्या कोर्टातही दावा लावता येतो. नदीच्या तळच्या माणसाला स्वतःच्या गावात वरच्या माणसाला जाब विचारता येऊ लागला. बहुतेक कारखान्यांनी तडजोड केली. माझ्या मते ऱ्हाइनच्या सुधारणेतले हे सर्वांत शिकण्यासारखे पान आहे, कारण त्यात सद्भावनेवर काहीही सोडलेले नव्हते. प्रत्येक नळ मोजला होता आणि त्याची किंमत मांडली होती.

बहुतेकांना आठवते ती मात्र १ नोव्हेंबर १९८६ ची आग. बासेलजवळ सॅन्डोझ कंपनीच्या गोदामात तेराशे टनांहून अधिक कृषिरसायने होती. आग विझवायला मारलेले पाणी कीटकनाशके, पाऱ्याची संयुगे आणि एक लाल रंग घेऊन ऱ्हाइनमध्ये उतरले. नदी लाल झाली. चारशे किलोमीटरपर्यंतचे वाम मासे मेले. त्यांची संख्या दीड लाख सांगितली जाते. सारा युरोप हादरला आणि पुढच्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या देशांनी कृती कार्यक्रम मंजूर केला. सॅमन मासा २००० सालापर्यंत नदीत परत आला पाहिजे, असे त्यात ठरले. त्याच वर्षी लंडनला उत्तर समुद्राच्या देशांचे मंत्री जमले आणि नद्यांतून येणारी घातक द्रव्ये १९९५ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे त्यांनी मान्य केले. या आगीने राजकारण हलवले हे खरे. पण लाल पाण्याची ती लाट काही दिवसांत नदीतून वाहून गेली. वाडन समुद्राच्या चिखलात जे साठले होते ते एका रात्रीच्या आगीचे नव्हते. रोज, परवानगीने, थोडे थोडे सोडलेले होते.

ऱ्हाइन सुधारली. १९९० साली तिच्या झीग या उपनदीत सॅमन पुन्हा दिसला. गाळातला पारा, कॅडमियम, शिसे पुष्कळ उतरले. स्लुफ्टर अपेक्षेपेक्षा कितीतरी हळू भरला. वाडन समुद्रात तिन्ही देश मिळून आज वीस हजारांवर सील मोजले जातात. तरी वरच्या ऱ्हाइनच्या बंधाऱ्यांमागे जुन्या गाळात हेक्झाक्लोरोबेन्झीन अजून पडून आहे आणि मोठा पूर आला की त्यातले थोडे सुटून पुन्हा खाली येते. कारखान्याचा नळ एका दिवसात बंद करता येतो, त्याचा गाळ पन्नास वर्षे बोलत राहतो.

आणि मग फेसाची गोष्ट आली. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर वसंतात लाटांबरोबर पांढरा फेस येतो. नद्यांनी आणलेल्या खतांच्या अंशावर फिओसिस्टिस नावाचे शैवाल पोसते, ते मेल्यावर हा फेस होतो. पोरे त्यात खेळतात. २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पालकांना सांगितले, की हा फेस मुलांच्या आणि कुत्र्यांच्या पोटात जाऊ देऊ नका. समुद्रावरून आल्यावर हात धुवा. कारण फेसात पीफास रसायने सापडली. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे, आग विझवण्याचा फेस अशा अनेक वस्तूंत वापरली जाणारी ही हजारो संयुगांची जात. यांच्या रेणूतील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो, की निसर्गात तो सहसा तुटत नाही. रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाणी टाळते. म्हणून तो पाणी आणि हवा यांच्या सीमेवर, म्हणजे फेसात, गोळा होतो. ऱ्हाइनच्या एका शाखेवर डॉर्डरेख्त इथे १९७० पासून २०१२ पर्यंत यातलेच पीएफओए वापरले जात होते. शेजारच्या स्केल्ट नदीच्या खाडीत तर हौसेने धरलेले मासे आणि शिंपले खाऊ नका, असा सल्ला २०२२ मध्ये देण्यात आला. गाळाला चिकटणाऱ्या विषासाठी खड्डा बांधता आला. यातली बरीच संयुगे पाण्याबरोबर पुढे जातात, त्यांच्यासाठी स्लुफ्टर नाही.

इथून ही गोष्ट महाराष्ट्रात येते. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिस्सीनो गावी पीफास बनवणारा एक कारखाना होता. त्याने साडेतीन लाख लोकांचे पिण्याचे पाणी नासवले. २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि २०२५ च्या जूनमध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रे त्याआधीच, २०१९ मध्ये, एका भारतीय कंपनीने विकत घेतली होती. ती उतरवून रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली.

लोट्याचे सांडपाणी सीईटीपीतून, म्हणजे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून, दाभोळच्या खाडीत जाते. या खाडीवर खारवी, भोई, दालदी समाजाची घरे चालतात आणि केमिकलच्या पाण्याने मासा मरतो ही त्यांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. ऱ्हाइनमध्ये जसे मिठाशी गाठ पडल्यावर गाळाचे पुंजके होतात, तसेच ते या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीतही होतात. दर भरतीला गाळ आत येतो आणि खारफुटीच्या मुळांशी बसतो. फरक इतकाच, की कोकणातल्या नद्या चार महिने धो धो वाहतात आणि मग रोडावतात. वाशिष्ठीला कोयनेचे अवजल मिळते म्हणून उन्हाळ्यातही थोडा प्रवाह राहतो, पण इतर बहुतेक खाड्यांत पौष-माघापासून पाऊस येईपर्यंत ओहोटीने बाहेर नेलेले पाणीच भरतीबरोबर परत येत असते. सांडपाण्याला अशा दिवसांत बाहेरची वाट जवळजवळ नसते. आणि सीईटीपीची नेहमीची जैविक प्रक्रिया पीफास मोडू शकत नाही.

रॉटरडॅमला उलट दिशेने शोध घ्यावा लागला, कारण गाळ भरून गेल्यावर लोक जागे झाले. दाभोळमध्ये अजून मोजता येईल. खाडीच्या गाळाचे, कालवांचे आणि माशांचे नमुने आत्ताच घ्यावेत, त्यांत पीफास तपासावे, आकडे मराठीत आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतीत लावावेत आणि हे दर वर्षी करावे. तुम्ही चिपळूण, खेड, गुहागर, दापोली यांपैकी कुठे राहत असाल, तर हे आकडे मागण्याचा अधिकार तुम्हाला माहितीच्या कायद्याने दिलेला आहे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.